मरियामातेची ओटी

माझ्या सासूबाईंशी खोटं बोलणं सोपं आहे. त्या लगेच विश्वास ठेवतात. कठीण आहे ते त्यांच्याकडून खोटं बोलवून घेणं. नको असलेलं माणूस दारात आलं की जगातल्या सगळ्या घरांतून "ती बाहेर गेलीय हो" असं सांगतात. सासूबाई दार उघडून सांगतात, "आहे घरात, पण तिला आत्ता तुम्हाला भेटायचं नाही." लग्न होऊन मी देवासला आले आणि पहिल्याच वर्षी गल्लीतल्या दोन घरांशी माझं बोलणं बंद झालं, ते याच पायी.

त्या मूळच्या वसईकडच्या, पिढ्यानपिढ्या कॅथॉलिक. सासऱ्यांना देवासच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आल्या आणि सासरे गेल्यावरही इथेच राहिल्या. चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, हिंदीत होते, शेजारपाजार माळवीत बोलतो, तरी त्यांची जपमाळ अजून मराठीतच चालते. मी धारची. आमचं घराणं पवारांच्या दरबाराबरोबर माळव्यात आलेलं, त्यामुळे माहेरी चैत्रातलं हळदीकुंकू आणि ओटी भरणं यांत कसूर चालत नाही. नवरा मला पीथमपूरला भेटला, औषधांच्या कारखान्यात. आम्ही एकाच शिफ्टच्या बसने जायचो आणि ती बस इतक्या वेळा बिघडायची की लग्न ठरायला भरपूर वेळ मिळाला. मी धर्म बदलला नाही, मला कोणी बदलायला सांगितलंही नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "तुझा देव तू सांभाळ, माझा मी सांभाळते."

माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, माझ्याही आधीपासून देवासमध्ये आहे. बायकांची डॉक्टर आहे, स्वतःचं लहानसं नर्सिंग होम चालवते, लग्न केलेलं नाही. दर रविवारी दुपारी ती आमच्याकडे जेवायला येते. सासूबाई सकाळच्या मिस्सेहून आल्या की वसईहून आलेला बाटलीतला मसाला घालून कोंबडी करतात, पीठ आंबवून गोल गोल फुगे तळतात, आणि ताई परातीतूनच पहिला फुगा उचलते. सासूबाई रागावतात आणि दुसरा तिच्या पुढे करतात. मला या दोघी अशा एका टेबलावर हव्या असतात. माझं सुख विचाराल तर एवढंच आहे, आणि त्या वर्षी ते जवळजवळ हातचं गेलं होतं.

ते नगर निगमच्या निवडणुकीचं वर्ष होतं. आमच्याकडे वॉर्डाच्या नगरसेवकाला पार्षद म्हणतात. आमचा पार्षद एक ठेकेदार होता आणि पुन्हा उभा राहणार होता. रस्ता तोच खणायचा, तोच बुजवायचा, आणि दोन्हींच्या वेळी नारळ फोडायचा. एका रविवारी ताईने जेवता जेवता जाहीर केलं की ती अपक्ष उभी राहतेय. म्हणाली, नर्सिंग होमसमोर सांडपाणी तुंबलेलं असतं, बाळंतिणीला उचलून आत न्यावं लागतं, सांगून सांगून थकले, आता स्वतःच बघते.

मला आनंद झाला. नवऱ्याने लगेच पत्रकं छापायचं अंगावर घेतलं. सासूबाईंनी मात्र हातातली वाटी खाली ठेवून विचारलं, "डॉक्टर, तुझ्याकडे गर्भपात होतात?"

त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि ताईने कधी सांगितलं नव्हतं. रविवारचं जेवण त्याच समजुतीवर चाललं होतं.

"होतात, मावशी," ताई म्हणाली. "कायद्यात बसतात तेवढे. मुलगी आहे म्हणून कोणी आलं तर मी दारातूनच परत पाठवते, हे सगळ्या वॉर्डाला माहीत आहे. बाकीच्यांचं मी ऐकून घेते आणि करते."

सासूबाईंनी माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. तो तंगडी चघळत होता. "याच्या वेळेला मला टीबी होता. डॉक्टर म्हणाले, ठेवू नका, दोघंही जाल. मी म्हटलं, जाऊ. पण मी काढणार नाही."

नवऱ्याचं चघळणं थांबलं. ही गोष्ट त्याने आधी ऐकलेली होती, पण आपल्या जगण्याचा विषय जेवणात निघाला की कोणाचाही घास अडकेल.

"मावशी, तुम्हाला विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात," ताई शांतपणे म्हणाली. "त्या डॉक्टरने तुमचं ऐकलं. माझ्याकडे येते तिलाही मी विचारते. सतवासकडून एक बाई आली होती. आधीच्या बाळंतपणात मरता मरता वाचलेली, घरी लहान लहान पोरं. ती म्हणाली, मला यांच्यासाठी जगायचंय. मी काय सांगायला हवं होतं तिला?"

"मला नाही सांगता येणार," सासूबाई म्हणाल्या. "मी तिच्यासाठी प्रार्थना केली असती."

"मीही केली. पण मला त्या दिवशी कामही करायचं होतं."

यावर गप्प बसावं की नाही? नवऱ्याने विचारलं, "मग आई, मत?" एवढी पीथमपूरची मोठमोठी यंत्रं सांभाळतो, पण कुठलं बटण कधी दाबू नये हे त्याला कळत नाही.

"मला विचार करू दे," सासूबाई म्हणाल्या, आणि ताईच्या पानात फुगा वाढला.

विचार करायला त्यांनी पहिल्यांदा अमेरिकेला फोन लावला. त्यांचे धाकटे भाऊ तिकडे असतात, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. मामा तिथल्या चर्चमध्ये फार पुढे पुढे असतात आणि तिथल्या निवडणुकांत त्यांच्या अंगात येतं. त्यांचं म्हणणं, कॅथॉलिक माणसाने मत देताना एकच गोष्ट बघायची, उमेदवार गर्भपाताच्या विरुद्ध आहे की नाही. बाकी सगळं नंतर. तिकडे त्यावर कायदे होतात, न्यायालयं उलटीपालटी होतात, माणसं रस्त्यावर उतरतात. मामांनी बहिणीला रोज एक व्हिडिओ धाडायला सुरुवात केली. गोरे फादर, गोऱ्या बायका, हातात पाट्या. सासूबाईंना त्यातलं इंग्रजी निम्मं कळायचं, पण त्या शेवटपर्यंत बघायच्या.

"अहो आई, ही नालीची निवडणूक आहे," मी म्हणायची. "पार्षदाला गर्भपाताचं काय विचारतं कोण? कचऱ्याची गाडी वेळेवर येईल का, एवढाच प्रश्न आहे."

"मत ते मत. लहान असो की मोठं," त्या म्हणायच्या.

गंमत अशी की मामांचा नियम लावला तर आमच्या वॉर्डातला कॅथॉलिकांचा खरा उमेदवार ठेकेदारच ठरत होता. त्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'भ्रूणहत्या महापाप' रंगवलेलं होतं. आणि त्याचीच माणसं आदल्या नाताळात चर्चच्या फाटकाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना "कोण कोण नवीन ख्रिस्ती झालं रे?" असं विचारत होती. सासूबाईंना त्यांनी हात लावला नाही, पण त्या रात्री मिस्सेहून परत येताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. हे मी मामांना फोनवर सांगितलं. मामा म्हणाले, तरीही तत्त्व म्हणून. मी म्हटलं, मामा, तत्त्व तुमचं, फाटक आमचं. फोन सासूबाईंनी माझ्या हातातून काढून घेतला.

मग त्या फादरांकडे गेल्या. तरुण फादर, झाबुआकडचे, स्वभावाने मवाळ. त्यांनी सांगितलं की गर्भपात पाप आहे हे तर नक्की, पण कोणाला मत द्यायचं हे चर्च सांगत नाही, माताजी, आपल्या अंतःकरणाला विचारा. सासूबाई चिडूनच घरी आल्या. "अंतःकरणाला विचारूनच तर मी यांच्याकडे गेले होते," म्हणाल्या. "तिथून उत्तर आलं असतं तर रिक्षाचे पैसे का घातले असते?"

अशात आमच्याकडे मूर्ती आली. आमच्या चर्चची एक पद्धत आहे. मरियामातेची एक मूर्ती वर्षभर घराघरांतून फिरते. प्रत्येक कुटुंबात ती आठवडाभर राहते आणि रोज संध्याकाळी तिथे आसपासची कॅथॉलिक मंडळी जमून जपमाळ म्हणतात. आमचा आठवडा ऐन प्रचारात आला. बाहेरच्या खोलीत लहान टेबलावर पांढरी चादर घालून मूर्ती ठेवली होती, शेजारी सासूबाईंची खुर्ची, समोर सतरंजीवर माणसं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ताई आमच्या गल्लीत प्रचाराला आली. बाई उमेदवार म्हटल्यावर, लग्न झालेलं असो नसो, आमच्या इकडे घरोघरी तिची ओटी भरतात. मराठी घरांत तर भरतातच, माळवी बायकाही गोद भरतात, तेव्हा ताईच्या कार्यकर्तीच्या पिशवीत नारळ आणि ब्लाउजपीस यांचा ढीग साठला होता. "ध्यान राखजो भिया, लक्ष असू द्या भाऊ," म्हणत, हात जोडत ती आमच्या दारापर्यंत आली आणि आत जप चाललाय हे बघून चपला काढून, डोक्यावर पदर घेऊन मागे बसली. मत मागितलं नाही, पत्रक वाटलं नाही. जप संपेपर्यंत मान खाली घालून बसून राहिली.

जप संपला, बायका एकेक करून मूर्तीच्या पायाशी फुलं ठेवायला लागल्या. ताईची पाळी आली आणि धारचा हात, त्याने जे करायचं तेच केलं. देवी समोर आहे, बाळ कडेवर आहे, मग ओटी भरायला नको? तिने पिशवीतून एक खण आणि नारळ काढला, माझ्याकडे बघून म्हणाली, "मूठभर तांदूळ आण गं," आणि मीही काही एक विचार न करता आणले. आम्हा दोघींना त्यात काही वावगं वाटलंच नाही. देवासच्या टेकरीवरच्या मातेची भरतो तशी हिची भरली. फक्त टेबल होतं टीचभर. नारळ घरंगळला. मूर्तीला लागू नये म्हणून शेजारी बसलेल्या सासूबाईंनी पदर पुढे केला आणि नारळ, खण, तांदूळ सगळं त्यांच्या पदरात आलं.

नेमका त्याच क्षणाला सतरंजीवरून कोणीतरी फोटो काढला. वाईट हेतूने नव्हे, मूर्तीचे फोटो रोजच काढतात. पण रात्री तो फोटो वॉर्डाच्या ग्रुपवर फिरला आणि त्यात मूर्ती कडेला गेली होती. दिसत होतं ते एवढंच की निवडणुकीला उभी असलेली डॉक्टर एका म्हाताऱ्या मतदार बाईच्या पदरात कापड आणि नारळ घालतेय.

सकाळी ठेकेदाराच्या माणसांनी तक्रार केली. आचारसंहितेत मतदारांना वस्तू वाटायला बंदी असते. ताईला कलेक्टोरेटमध्ये निवडणुकीच्या साहेबांपुढे बोलावलं. गुन्हा नोंदवतील, उमेदवारीवरही येईल, असं जो तो सांगत होता. ताईचा चेहरा उतरला होता. फोटोत जी बाई होती तिला विचारल्याशिवाय साहेब काही ठरवणार नव्हते, म्हणून सासूबाईंना घेऊन मी आणि नवरा गेलो. वाटेत ताईच्या वकिलाने समजवायचा प्रयत्न केला, माताजी, बस इतना कहना. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मी त्यांना ओळखत होते. त्या जे घडलं तेच सांगणार, आणि जे जे घडलं ते सगळं सांगणार.

"माताजी, ये सामान आपको दिया था?" साहेबांनी विचारलं.

"नहीं साहब. माता मरियम को दिया. गिर रहा था, तो मैंने पल्लू में ले लिया."

साहेब जरा हसले. "मरियम माता का तो वोटर लिस्ट में नाम नहीं है."

ठेकेदाराचा माणूस उसळून पुढे आला. "साहब, ये तो इनकी रिश्तेदार हैं. बहन की सास. इनको वोट देंगी, तो झूठ भी बोलेंगी ही."

सासूबाईंनी त्याच्याकडे मान वळवली. "मैं इनको वोट नहीं दूँगी," त्या म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढला. "क्यों?"

"ये बच्चा गिराती हैं. मेरा धर्म मना करता है."

"फिर इनके लिए गवाही क्यों दे रही हैं?"

"आपने पूछा सामान किसको दिया. माता मरियम को दिया. वोट की बात इन्होंने निकाली, तो वो भी बता दी."

तक्रार तिथेच बारगळली. जी बाई समोरासमोर 'मत देणार नाही' म्हणते ती हिच्यासाठी खोटं कशाला बोलेल, हे साहेबांना पटलं. सासूबाईंच्या त्या एका नकारामुळे ताईची उमेदवारी वाचली, यात शंकाच नाही.

पण मी ताईकडे बघत होते. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. बाहेर आल्यावर ती सासूबाईंसमोर आली, "आभारी आहे, मावशी," एवढंच म्हणाली आणि गाडीत बसून निघून गेली. आम्हाला घरी सोडते असंही म्हणाली नाही.

रात्री मी फोन केला तेव्हा तिचा बांध फुटला. "मत देऊ नका, हरकत नाही. ते मी समजून होते. पण 'बच्चा गिराती हैं'? दहा माणसांसमोर? आयुष्यभर बाळंतपणं केली गं मी, पावसापाण्यात, विजा कडाडत असताना, टॉर्चच्या उजेडात. त्यांच्या लेखी मी तेवढीच?" मलाही तसंच वाटत होतं. दुसऱ्या दिवसापासून ठेकेदाराची प्रचाराची रिक्षा भोंग्यावरून ओरडत फिरायला लागली, जिनके घरवाले वोट नहीं दे रहे, उनको आप क्यों दोगे. आमच्या दारासमोर ती मुद्दाम थांबायची.

पुढच्या रविवारी ताई आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. प्रचारात आहे, असं मी म्हटलं. "ती माझ्यावर रागावलीय," सासूबाई म्हणाल्या, "प्रचार कशाला मध्ये आणतेस?" धारहून आईचे फोन येत होते, तुझ्या सासूला म्हणावं निदान तोंड तरी बंद ठेवायचं. मी दोन्हीकडून ऐकत होते. निवडणुकीत कोण जिंकतं याची मला खरंच फिकीर उरली नव्हती. निकाल काहीही लागो, ताईने आमच्या घरात पाऊल टाकावं, एवढंच मी माझ्या गणपतीजवळ मागत होते.

मतदानाच्या सकाळी आम्ही तिघं चालतच शाळेत गेलो. मी वाटेत शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, आई, आत पडद्यामागे कोणी बघत नाही. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर." बाहेर आल्यावर शाई लावलेलं बोट धरून उभ्या राहिल्या आणि मी न विचारताच त्यांनी सांगून टाकलं, "महापौराला एकाला दिलं. पार्षदाला वरीलपैकी कोणी नाही."

माझा तोल सुटला. भर रस्त्यात मी बोलले. "घरची मुलगी आहे ती! तुमच्या हातचं खाऊन गेलेली. त्या ठेकेदाराच्या आणि तिच्या मध्ये तुम्हाला फरकच दिसत नाही का?" त्यांनी ऐकून घेतलं. नवरा एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत मध्ये चालत राहिला. घरी येऊन मी भांडी आपटली, त्यांनी ती पुसून जागेवर लावली. त्या दिवशी आम्ही तिघांनी तीन वेगवेगळ्या वेळी जेवण केलं, आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

निकाल लागला तेव्हा मी स्वयंपाकघरात कणसं किसत होते. आधी फटाके ऐकू आले, मग ढोल, मग नवऱ्याची आरोळी. ताई निवडून आली होती. फार फरकाने नाही, पण आली होती. मी किसणी हातात घेऊनच बाहेर पळाले. मिरवणूक आमच्याच गल्लीत शिरत होती. ताईच्या गळ्यात हार, कपाळभर गुलाल, तोंड ओळखू येऊ नये इतकं लाल झालेलं. आमच्या फाटकापाशी येऊन ती थांबली. ढोलवाल्याला तिने हातानेच गप्प केलं. पण आत आली नाही. फाटकाच्या बाहेर उभी राहिली.

सासूबाई जिना उतरून, गुडघ्यावर हात ठेवत, फाटकापर्यंत गेल्या. मध्ये फक्त लोखंडी दार होतं.

"आले निवडून, मावशी," ताई म्हणाली. आवाज हसरा करायला गेली, पण जमला नाही. "तुमच्या मताशिवाय."

"माझ्या मताशिवाय," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या नोव्हेनाशिवाय नाही."

ताईला कळलं नाही. मला कळलं आणि माझ्या हातातली किसणी खाली पडली. नोव्हेना म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना. काही मागायचं असेल तर आमच्या सासूबाई ती करतात, आणि गंमत म्हणून कधीच करत नाहीत.

"साहेबांच्या ऑफिसातून आले त्याच्या दुसऱ्या पहाटेपासून बसले," त्या म्हणाल्या. "मतदानाच्या आदल्या दिवशी संपली. तू निवडून यावीस म्हणून." पहाटेच्या त्यांच्या हालचाली मी ऐकल्या होत्या, पण गुडघे दुखत असतील म्हणून कूस बदलून झोपले होते.

"अहो, मग मत का नाही दिलंत?" ताई जवळजवळ ओरडलीच.

"मत माझ्या बोटाने द्यायचं होतं. त्याचा जाब मला द्यावा लागणार. ते मला जमलं नाही गं, खूप विचार केला तरी नाही जमलं." सासूबाईंचा आवाज पहिल्यांदाच हलला. "पण त्या माणसापेक्षा तू यायला हवीस हे मला कळत होतं. आणि मी त्या दिवशी तुला फार टोचून बोलले. खरं होतं ते, पण तेवढंच खरं नव्हतं. तेवढंच साहेबांनी विचारलं. बाकीचं मी मग देवाला सांगितलं. त्या सतवासच्या बाईचंसुद्धा."

ताईने फाटकाची कडी काढली. हार, गुलाल, सगळ्यासकट ती सासूबाईंच्या गळ्यात पडली आणि लहान पोरीसारखी रडली. सासूबाईंची पांढरी साडी गुलाबी झाली. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे? ढोलवाले विचारत होते, भिया, बजाएँ क्या?

नवरा मात्र विचारात पडला होता. त्याच्या डोक्यात हिशेब बसत नव्हता. "आई," तो म्हणाला, "ज्याला मत देणं पाप, त्याच्यासाठी प्रार्थना केलेली देवाला चालते?"

सासूबाईंनी ताईच्या पाठीवरचा हात न काढता मान वर केली. "चाललं नसतं तर त्याने हिला पाडलं नसतं का?"